गुरुवार-शुक्रवार सण आणि लगेच शब्बाथ: डब्यातलं ते अंडं नक्की कशासाठी?

ठाण्याची_सून | २२ सप्टेंबर २०२४

नमस्कार. प्रश्न स्वयंपाकघरातला आहे, पण उत्तर धर्मातलं लागेल, म्हणून इथे विचारतेय.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, ठाण्याचे. यंदा रोश हशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष, माझ्या आजीच्या भाषेत नव्याचा सण, ३ आणि ४ ऑक्टोबरला आलाय. गुरुवार, शुक्रवार. शुक्रवारी संध्याकाळी लगेच शब्बाथ, आमचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. म्हणजे बुधवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत सलग.

असा जोडून शब्बाथ आला की सासूबाई सणाच्या आदल्या दिवशी एक उकडलेलं अंडं आणि दोन चपात्या स्टीलच्या डब्यात घालायच्या, डबा हातात धरून काहीतरी पुटपुटायच्या आणि फ्रिजच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात मागे सारून ठेवायच्या. 'शनिवारचा डबा'. फ्रिजच्या दारातल्या बटणावर चिकटपट्टी लावलेली असायची. मला बरेच दिवस वाटायचं की आमच्या फ्रिजचा दिवा नेमका सणासुदीलाच बिघडतो.

माझं माहेर मुंबईतलं. घरी शब्बाथचा दिवा आणि योम किप्पुरचा उपास यापलीकडे फार काही नव्हतं. लग्न झालं २०१७ साली, त्या वर्षीही रोश हशाना असाच गुरुवार-शुक्रवार होता. शुक्रवारी सकाळी घरचे सगळे मशिदीत (आम्ही सिनेगॉगला मशीद म्हणतो), मी एकटी, सडकून भूक लागलेली. डबा उघडला, अंडं सोललं, मीठ-मिरपूड लावून खाल्लं. सासूबाई आल्या, टरफलं बघितली, एक शब्द बोलल्या नाहीत. कणकेचा डबा, धुऊन ठेवलेली कोंबडी, वाटण, बटाटे सगळं उचललं आणि तीन जिने चढून वरच्या काकूंकडे गेल्या. संध्याकाळी आमचा शब्बाथचा अख्खा स्वयंपाक काकूंच्या घरून खाली आला. नव्या सुनेच्या हातचं आता यांना नको झालं, असं समजून मी मोरीत जाऊन रडले होते. तो विषय ना त्यांनी पुन्हा काढला ना मी.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "आई करायची ते." एवढंच. आता यंदा डबा मी ठेवायचा आहे. काय म्हणायचं असतं? आणि गुरुवारी मला वेळ आहे, तेव्हा शनिवारचंही गुरुवारीच उरकून टाकलं तर चालेल का? चिकाचा हलवा मंगळवारीच होणार आहे (नारळाचं दूध घालून चार तास घोटायचा असतो, सणाच्या आदल्या दिवसावर तो कोण ठेवणार), तर अंड्याऐवजी त्याचीच वडी ठेवली तर? आणि आमच्याकडे भाकरी तांदळाची होते, ती चालेल?

शेवटचं, गॅस बटण दाबून पेटणारा आहे. सासूबाई सणात ते बटण वापरायच्या नाहीत, दिव्यावर कागदाची सुरळी पेटवून आणायच्या. तेही का ते माहीत नाही.

---

रेवदंडा_ते_लोद | २२ सप्टेंबर २०२४

अगं पोरी, आधी एक सांग, तुला कोणी मारायला उठलं नव्हतं ना? मग झालं. अंडं खाणारी तू पहिली नाहीस. माझ्या थोरल्याने सहा वर्षांचा असताना खाल्लं होतं, तेही चपातीत गुंडाळून.

याला एरुव तवशिलीन म्हणतात. एरुव म्हणजे मिसळणं, जोडणं. तवशिलीन म्हणजे शिजवलेले पदार्थ. सणाच्या दिवशी आपल्याला शिजवता येतं, शब्बाथला येत नाही, हे तुला माहीत आहे. पण सणाच्या दिवशी शिजवायचं ते त्याच दिवसाच्या खाण्यापुरतं, दुसऱ्या दिवसासाठी नाही. मग शुक्रवारी सण आणि शनिवारी शब्बाथ आला तर शब्बाथचं कधी शिजवणार? म्हणून सण लागायच्या आधीच, बुधवारी उजेड असताना, शब्बाथसाठी काहीतरी भाजलेलं आणि काहीतरी शिजवलेलं बाजूला काढून ठेवायचं. तिथेच शब्बाथच्या स्वयंपाकाला सुरुवात झाली. शुक्रवारी तू करतेस ते त्याचंच पुढचं. विरजणासारखं समज. कालचं चमचाभर असलं की आजचं पातेलंभर लागतं, चमचाच नसेल तर दूध नुसतं दूधच राहतं.

बुधवारी २ तारखेला गांधी जयंतीची सुट्टी आहे तुम्हाला, तेव्हा सबब नको. सूर्य मावळायच्या आधी, दिवे लावायच्या आधी करायचं. एक सबंध अंडं आणि चपात्या दोन घे, फुलके पातळ असतील तर तीन. भाकरीचा वाटा अंड्याएवढा तरी हवा आणि शिजवलेला जैतुनाच्या फळाएवढा तरी, असं माप आहे. घरातल्या एकाने केलं की सगळ्यांचं होतं, आणि बाईने केलेलं चालतं. डबा हातात धरून ब्राखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणायची, तिचा शेवट "अल मित्स्वत एरुव" असा आहे. पूर्ण ब्राखा मी इथे लिहीत नाही, त्यात देवाचं नाव येतं. तुमच्या तेफिलाच्या (प्रार्थनेच्या) पुस्तकात सापडेल.

त्यानंतरचं आरामी भाषेतलं. सासूबाई पुटपुटायच्या ते हेच. पण ते समजून म्हणायचं असतं, त्यामुळे मराठीत म्हटलंस तर अजिबात बिघडत नाही. मी स्वतः मराठीतच म्हणते: "या एरुवाने आम्हांला सणाच्या दिवशी शब्बाथसाठी भाजायला, शिजवायला, अन्न ऊन राहील असं झाकून ठेवायला, दिवा लावायला आणि लागेल ते सगळं करायला मोकळीक असो." सून माझी मोरोक्कोकडची, ती डब्यात मात्सा, बिनखमिराची कोरडी रोटी, ठेवते. टिकतो म्हणे. मी म्हटलं, तुझा मात्सा, माझी चपाती, दोन्ही ठेवू.

गुरुवारी उरकायचं मात्र डोक्यातून काढून टाक. एरुव असला तरी शब्बाथचं शिजवायचं ते शुक्रवारीच. गुरुवारी फक्त गुरुवारचं. शुक्रवारच्या जेवणाची तयारीसुद्धा गुरुवारी अंधार पडल्यावर.

आणि शुक्रवारी सूर्य बुडायला दहा मिनिटं असताना कुकर चढवायचा नाही. इतक्या आधी सगळं व्हायला हवं की अचानक पाहुणे दारात उभे राहिले तर ते सण असतानाच जेवून जातील. मी चारच्या आत ओटा पुसून मोकळी.

गॅसचं असं, की सणाच्या दिवशी असलेल्या विस्तवावरून विस्तव नेता येतो, नवा पाडता येत नाही. काडी घासली, लायटर मारला, बटण दाबून ठिणगी उडवली, हे सगळं नवीन. म्हणून बुधवारीच एक मोठा दिवा लावून ठेव, शुक्रवार संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस तास चालला पाहिजे. आमच्या रेवदंड्याच्या घरी काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल तेल आणि वात असायची. सणाच्या दिवशी त्यात तेल वाढवता येतं, शब्बाथला हात लावायचा नाही. त्यावर सुरळी पेटव आणि गॅस लाव. विझवायचं मात्र नाही, ना सुरळी, ना गॅस. सुरळी ओट्यावर ठेवून जळू द्यायची. गॅसचं कसं करायचं ते तुमच्या हज्जानांना, मशिदीत प्रार्थना चालवतात त्यांना, आधी विचारून घे, घरोघरी शेगड्या वेगळ्या असतात.

गंमत बघ, ३ तारखेला तुमच्या शेजारी घटस्थापना. त्यांचाही दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नाही, तुझाही दोन दिवस. एकमेकींना तेल उसनं द्या.

---

बेथमिद्राश | २३ सप्टेंबर २०२४

आत्यांनी स्वयंपाकघराचं सगळं सांगितलं, मी पोथीतलं थोडं जोडतो.

हलवा चालणार नाही. तालमूद, म्हणजे जुन्या रब्बींच्या (धर्मपंडितांच्या) चर्चांचा ग्रंथ, त्याच्या बेत्सा या भागात (पान १६) हाच प्रश्न आहे. तिथे 'दायसा' नावाची धान्याची घट्ट खीर एरुवासाठी नको म्हटलंय, कारण ती कोणी भाकरीशी लावून खात नाही. शिजवलेला पदार्थ भाकरीबरोबर खायचा हवा. आपल्या गावाकडे याला सरळ 'कोरड्यास' म्हणतात. अंडं, मासा, मटण, कालवण हे कोरड्यास. हलवा नाही. उलट त्याच पानावर म्हटलंय की पातेल्याच्या बुडाशी चिकटून राहिलेली मसूरसुद्धा एरुवाला पुरते, जैतुनाएवढी भरली म्हणजे झालं. म्हणजे अंडं संपलं असेल तर डाळ चालते. मला हे पान फार आवडतं. एवढे मोठे पंडित आणि वाद कशाचा, तर पातेलं खरवडायचा.

तांदळाची भाकरी नको. जिच्यावर हामोत्सी (रोटीची ब्राखा) म्हणतो अशी रोटी हवी, म्हणजे गहू, जव वगैरे पाच धान्यांपैकी कशाची तरी. तांदूळ त्यात नाही. चपाती उत्तम.

अंडं टरफलासकट ठेवा. सोललेलं अंडं रात्रभर तसंच ठेवू नये असं तालमूदच सांगतं.

आता २०१७ चं. ताई, शिजवलेला पदार्थ खाऊन संपला की एरुव संपला, चपात्या उरल्या असल्या तरी. जैतुनाएवढा तुकडा उरला असता तर चाललं असतं. स्वयंपाकाला आधीच हात घातला असता, कणीक मळून झाली असती, तर ती पुरी करायलाही मुभा होती. तुम्ही सकाळीच खाल्लंत म्हणजे तीही वाट बंद. अशा वेळी काय करायचं ते बेत्साच्या १७ व्या पानावर आहे: त्याने स्वतःसाठी शिजवायचं नाही, आणि त्याचं म्हणून दुसऱ्यानेही शिजवायचं नाही. त्याने आपलं पीठ ज्याचा एरुव शाबूत आहे त्याला देऊन टाकायचं. उसनं नाही, कायमचं, मालकी हक्काने. मग तो ते स्वतःचं म्हणून भाजतो, शिजवतो आणि याला जेवायला देतो.

तुमच्या सासूबाई कणीक आणि कोंबडी घेऊन तीन जिने चढल्या त्या याच्यासाठी. रागाचा काही संबंध दिसत नाही.

---

सदाशिवपेठी | २३ सप्टेंबर २०२४

मी या समाजातला नाही, वाचता वाचता इथे आलो. राग मानू नका, पण एक शंका. शनिवारचं शुक्रवारी शिजवायला बंदी आहे म्हणता, आणि एक अंडं डब्यात ठेवलं की बंदी उठते. ही पळवाट नाही का? आमच्या आजीचं सोवळं असंच होतं, सुती चालायचं नाही, लोकरी चालायचं, म्हणून धाबळी खुंटीवर कायम तयार.

---

बेथमिद्राश | २३ सप्टेंबर २०२४

शंका रास्त आहे आणि जुनी आहे. मूळ तोरातच (मोशेच्या पाच ग्रंथांत) बंदी असती तर अंड्याने ती उठली नसती, हे तालमूदही मान्य करतं. तिथे दोन मतं आहेत. राव हिसदा म्हणतात, शब्बाथची तयारी सणाच्या दिवशी करायला तोरात मनाईच नाही. राब्बा म्हणतात, मनाई आहे, पण पाहुणे येतील ही शक्यता असते, त्यामुळे शिजवलेलं आजच्याच उपयोगाचं धरता येतं. आत्यांनी चारच्या आत ओटा पुसायचं सांगितलं ते या दुसऱ्या मताला धरून. म्हणजे कोणत्याही मताने, "एरुव नाही तर शिजवू नको" ही अट मागाहून रब्बींनी घातलेली आहे. कुंपण त्यांचं आणि फाटकही त्यांचंच.

का घातली, यावरही दोन उत्तरं. रावा म्हणतात, सलग सणात माणूस चांगलंचुंगलं सगळं पहिल्या दोन दिवसांत खाऊन टाकतो आणि शब्बाथच्या वाट्याला खरवड येते. बुधवारीच डबा भरायला लावला की शब्बाथची आठवण राहते. राव आशींचं उत्तर उलटं: शब्बाथसाठी शिजवायलाही एवढी खटपट लागते म्हटल्यावर लोक सोमवार-मंगळवारचं तर सणात मुळीच शिजवणार नाहीत. एकाला शब्बाथची काळजी, दुसऱ्याला सणाची.

विसरणाऱ्यांसाठीही सोय आहे. गावाचा रब्बी आपल्या एरुवात सगळ्या गावाला धरून ठेवतो. शमुएल नावाच्या पंडिताच्या गावात एक आंधळा माणूस सणात उदास बसलेला दिसला. का, तर एरुव करायचा राहिला. शमुएल म्हणाले, माझ्यावर विसंब. पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा तसाच बसलेला. तेव्हा म्हणाले, तू निष्काळजी आहेस, बाकी सगळ्यांना माझा एरुव चालेल, तुला नाही.

---

सदाशिवपेठी | २३ सप्टेंबर २०२४

शमुएल आमच्या पेठेतले वाटतात. धन्यवाद.

---

रेवदंडा_ते_लोद | २४ सप्टेंबर २०२४

पळवाट म्हणा नाहीतर राजरस्ता, शनिवारी माझ्या घरी जेवण ऊन असतं.

सूनबाई, एक राहिलं. डबा शब्बाथचा स्वयंपाक पुरा होईपर्यंत जपायचा. नंतर खाल्ला तरी दोष नाही, पण आम्ही तो शनिवारी दुपारच्या तिसऱ्या जेवणाला काढतो. चपात्या शब्बाथच्या हामोत्सीला घ्यायच्या, एका मित्स्वाला (धर्मकृत्याला) वापरल्या त्या दुसऱ्याला.

आणि हे तुम्हाला येत्या महिन्यात तीनदा करायचंय बरं का. रोश हशाना, मग सुक्कोथचे (मांडवांच्या सणाचे) पहिले दोन दिवस १७-१८ ऑक्टोबर, आणि शेवटचे दोन २४-२५. तिन्ही वेळा गुरुवार-शुक्रवार. आम्हाला इथे इस्राएलमध्ये एकदाच. रोश हशाना इथेही दोन दिवस पाळतात, पण सुक्कोथचा आमच्याकडे एकच दिवस, गुरुवार. शुक्रवारी मी आपली नेहमीसारखी काडी घासून गॅस पेटवणार. एवढ्यासाठी तरी इकडे येऊन राहा.

---

ठाण्याची_सून | ६ ऑक्टोबर २०२४

सण झाला. सगळ्यांना शाना तोवा, उशिरा का होईना.

बुधवारी सकाळी दोन अंडी उकडली. एक डब्यात, एक माझ्या पोटात, म्हणजे नंतर मोह नको. चपात्या दोन, जाडसर. साडेपाचला डबा हातात घेतला, नवऱ्याला पुस्तक धरून शेजारी उभं केलं, ब्राखा म्हटली आणि पुढचं आत्यांच्या शब्दांत मराठीत. "अन्न ऊन राहील असं झाकून ठेवायला" म्हणताना नवऱ्याने मान वर केली. म्हणाला, "आई हे म्हणत होती?" इतकी वर्षं त्याला वाटायचं की ती दृष्ट काढते.

फ्रिजला चिकटपट्टी लावली. दिव्याचा एक गोंधळ झाला. आमचा पेला लहान, गुरुवारी दुपारी बघते तर तेल तळाला. आत्या, तुम्ही 'वाढवता येतं' म्हटलं होतंत म्हणून घातलं. पण घरातलं खोबरेल संपलं. शेजारच्या घटाच्या बाई तिळाचं तेल वापरतात, त्यांनी वाटीभर दिलं. तुम्ही थट्टेत लिहिलं होतंत, मी खरंच उसनं आणलं. शुक्रवारी अकरा वाजता सुरळीने एक बर्नर मोठा लावला आणि एक सुरुवातीपासूनच बारीक, त्यावर पत्रा. हज्जानांनी तसंच सांगितलं होतं. साडेतीनला कोंबडी, बटाट्याची भाजी, भात सगळं झालं. पाहुणे आले नाहीत, पण आले असते तर जेवले असते.

आता वरच्या काकूंचं. त्या ८१ वर्षांच्या आहेत, गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत. शनिवारी दुपारी मीच वर गेले, जिन्याने. २०१७ चं विचारलं. त्यांना लख्ख आठवत होतं. म्हणाल्या, "तुझी सासू आली, कणकेचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, हे आता तुमचं. कोंबडी दिली, हीही तुमची. मी म्हटलं, अगं, करून देते ना, तुमचं कशाला? तर म्हणाली, नाही, आधी घ्या म्हणा. तीनदा म्हणायला लावलं मला. मग मी भाजल्या चपात्या. डबा रिकामा झाल्यावर परत द्यायला गेले तर तोही घेईना, म्हणाली, डब्यासकट दिलं होतं."

तो डबा अजून काकूंकडे आहे, झाकणावर सासूबाईंचं नाव कोरलेलं. त्यात आता साबुदाणा असतो.

मी विचारलं, मला तेव्हाच का नाही सांगितलं? काकू हसल्या. "सांगते म्हणाले होते मी. तीच म्हणाली, नको. नवीन पोर आहे, भेदरून अंडं खायचंच सोडून देईल."

१६ तारखेला परत अंडी उकडायची आहेत. आत्या, मसूर ठेवली तर खरंच चालते ना? फोडणीची की नुसती शिजवलेली?

---

रेवदंडा_ते_लोद | ६ ऑक्टोबर २०२४

फोडणीची ठेव. लसूण जरा जास्त घाल, शनिवारपर्यंत राहायचं आहे तिला.